पहिलीच्या दरवाज्याचा सूड

मित्रांनो, मी पहिलीच्या वर्गाचा दरवाजा. जुना आहे, कबूल. रंगाचे पोपडे निघालेत, खालची फळी जरा फुगलीय, पण माझ्याकडे जे आहे ना, ते या शाळेतल्या एकाही खिडकीकडे नाही. मी सूड घेतलाय. खराखुरा, लोणच्यासारखा मुरवलेला सूड. कसा घेतला ते सांगतो, फक्त मध्ये बोलू नका, मग माझं पुढचं राहून जातं.

मला बनवलं तेव्हा सुताराने उघडून-मिटून बघितलं आणि मी करकरलो. तो हसला. म्हणाला, "बोलका आहे. बरं झालं. कोण आलं, कोण गेलं, पोरांना कळेल." तेव्हा मला काय अभिमान वाटला सांगू. सुरुवातीला एक म्हातारे गुरुजी होते, त्यांना माझा आवाज फार आवडायचा. पोरं माझी नक्कल करायची आणि गुरुजी म्हणायचे, "अरे, खरा दरवाजा कुठला आणि खोटा कुठला?" मजेत चाललं होतं सगळं.

मग गुरुजी गेले आणि बाई आल्या.

बाई वाईट नव्हत्या असं लोक म्हणतात. म्हणू देत. त्यांनी आल्या आल्या शिपाईकाकांना बोलावून माझ्याकडे बोट दाखवलं. "काका, याचं तोंड बंद करा आधी." काकांनी बिजागऱ्यांत तेल घातलं आणि मी मुका झालो. का, ते शाळेच्या पहिल्या दिवशी कळलं.

पहिल्या दिवशी सगळे आई-बाबा, आजी-आजोबा वर्गात मागच्या भिंतीला उभे होते. पोरं पुढे बसलेली, पण दर मिनिटाला मागे बघत होती, आहे ना, आहे ना, असं. मग बाई खिडकीकडे हात करून म्हणाल्या, "अय्या, ती बघा चिमणी." सगळ्या माना खिडकीकडे. आणि बाईंनी दुसरा हात पाठीमागे नेऊन खूण केली, सटका. सगळी मोठी माणसं चोरासारखी माझ्यातून बाहेर पडली आणि मी हूं की चूं केलं नाही, कारण मला करताच येत नव्हतं. पोरं वळली तर भिंत रिकामी. चिमणीबिमणी तर नव्हतीच.

"आई कुठेय?"

"इथेच बाहेर आहे, आत्ता येईल," बाई म्हणाल्या.

खोटं. आई केव्हाच कोपऱ्यावर वळलेली. पण पोरं इतकी घाबरली, की रडायचंच विसरली. आणि बाई गावभर सांगत सुटल्या, "माझ्या वर्गात पहिल्या दिवशी एक पोर रडत नाही." लोकांनी कौतुक केलं. दुसऱ्या शाळांतल्या बाई ही युक्ती शिकायला आल्या. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की मधल्या सुट्टीत हीच पोरं एकेक करून माझ्याजवळ येतात, तळहात माझ्या खालच्या फळीला लावतात आणि नुसती उभी राहतात. नाक मलाच पुसतात. ती फळी फुगलीय ना, ती काही पावसाच्या पाण्याने नाही फुगली.

गेल्या वर्षी एक पुढचे दात पडलेला मुलगा होता. पहिल्या दिवशी तो चिमणी शोधत राहिला आणि आई गेली. त्यानंतर तो फक्त मला बघायचा. फळा नाही, चित्रं नाही, मीच. बरोबरच आहे, एकदा मान वळवली तर आई गायब झाली, आता कोण वळवेल? बाई म्हणाल्या, "हट्टी आहे मेला." आणि त्यांनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तरी त्याची मान हळूहळू माझ्याकडे यायची.

त्या दिवशी मी ठरवलं. बाई, तुम्हाला सोडत नाही.

पण दरवाजा करणार काय? वाट बघणार. मी बघितली. आणि या वर्षी सुट्टी लागताना काका म्हणाले, "बाई, मशीनचं तेल संपलंय."

"मग घरातलं आणा. तेल ते तेल."

"हे आपलं बरं," काका म्हणाले. त्यांना गावाला जायची घाई, म्हणून त्यांनी सुट्टीआधीच तळणीचं उरलेलं तेल माझ्या बिजागऱ्यांत ओतलं आणि मला, खिडकीला, दोघांनाही उघडं टाकून पळाले. मित्रांनो, अख्खी सुट्टी मी धूळ खाल्ली. रस्त्याची धूळ, खडूची पूड, जे येईल ते. तेलाचा चीक झाला, चिकाचा दगड झाला. मला जरा दुखलं, पण काय सांगू, इतकं छान दुखणं मी आयुष्यात सोसलं नव्हतं.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गोटी आली. गोटी म्हणजे एक गोलमटोल मुलगी, बाबा तिला याच नावाने हाक मारायचा. बाबा बेकरीत कामाला. मी उघडाच होतो. गोटी माझ्या आडोशाला बसून रंगाचे पोपडे काढत होती आणि बाबा बाईंशी हळू आवाजात बोलत होता, पण माझ्यापासून काय लपणार?

"बाई, मागच्या शाळेत ती दारातच बसायची. आत जायचीच नाही. घरी आम्ही दोघंच. इथेही नाही रुळली तर तिला आत्याकडे ठेवावं लागेल. आत्या लांब राहते हो. महिनोन् महिने भेट नाही व्हायची."

"सोडा माझ्यावर. मी चिमणी दाखवते, तुम्ही निघा. आणि जातो म्हणून अजिबात सांगू नका."

बाबाने मान डोलवली. गोटीने पोपडा काढायचा थांबवला. तिने ऐकलं की नाही, मला नाही माहीत.

आणि उजाडला की तो दिवस. त्यात संस्थेचे साहेब बाईंची ती प्रसिद्ध युक्ती बघायला आलेले, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले. वारा होता म्हणून काकांनी मला लोटून घेतलेलं, तेव्हाची माझी कुरकुर गोंगाटात कुणाला ऐकू गेली नाही. दुधात साखर.

"अय्या, ती बघा चिमणी."

माना वळल्या. बाईंचा हात मागे गेला. गोटीचा बाबा सगळ्यात पुढे होता, त्याने मला हळूच ओढलं.

मी ओरडलो. इतकी वर्षं गिळलेलं सगळं बाहेर काढलं. कर्रर्रर्र. साहेबांच्या हातातला चहा सांडला. सगळी पोरं गर्रकन मागे वळली आणि त्यांनी काय बघितलं? कुणाची आई चवड्यांवर, कुणाचे आजोबा चपला हातात घेऊन, एक जाडे मामा दप्तराआड लपलेले, म्हणजे लपल्यासारखे. मी अर्धाच उघडून घट्ट अडकलो, त्यामुळे कुणाला चटकन सटकताही येईना.

"बाबा," गोटी म्हणाली, "तू पळून चाललायस?"

बाई डोळ्यांनी खुणावत होत्या, जा, जा. पण आता चोरून जाणार कसा? बाबा वळला आणि तिच्यासमोर खाली बसला.

"नाही गं. म्हणजे हो. पळतच होतो."

"का?"

"तू रडशील म्हणून."

"मी रडणारच आहे," गोटी म्हणाली. "तू सांगून जा ना. मी रडते, तू जा."

बाबाने तिच्या दप्तराचा पट्टा नीट केला. मग म्हणाला, "बरं. मी कामाला चाललोय. तुझा डबा खाऊन होईल, मग गाणी होतील, मग घंटा. घंटेला मी इथे असेन."

"गेटपाशी?"

"नाही. या दरवाज्यापाशी."

गोटीने मोठा श्वास घेतला आणि असं भोकाड पसरलं, की काय सांगू. बाबा आडवा होऊन माझ्या फटीतून गेला. मग सगळ्यांनीच तसं केलं. खाली बसायचं, जातो म्हणायचं, कधी येणार ते सांगायचं. जाडे मामा तर स्वतःच रडले. वर्गात नुसता कल्लोळ.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमच्या वर्गात कुणी रडत नाही ना?"

बाईंचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. मित्रांनो, तो मी अजून रोज आठवतो. जेवल्यासारखं वाटतं.

गोटी रडली, दमली, मग शेजारणीचा खडू घेऊन तिने मासा काढला. दारात नाही, आत बसून.

पण घंटा झाली आणि मीच घोटाळा केला. साहेबांनी जाताना मला जोर लावून पार ओढून घेतलं होतं. बाई मला उघडायला गेल्या तर मी हलेना. खरंच हलेना, चीक पार आवळला होता. गोटी माझ्यासमोर उभी. पलीकडे कोण आहे, तिला दिसत नव्हतं. तिने तळहात माझ्या खालच्या फळीला लावला. मला पहिल्यांदाच माझ्या सुडाची भीती वाटली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "गोटे, मी आलोय. केव्हाचा उभाय. दरवाजा अडकलाय नुसता."

"बाई, ओढा ना," गोटी म्हणाली. "बाबा आहे."

बाईंनी आतून ओढलं, बाबाने बाहेरून ढकललं, आणि मी मनावर घेतलं. धाडकन उघडलो. बाई जमिनीवर बसल्या, फतकल मारून. तेवढं मात्र मी मुद्दाम केलं.

गोटी बाबाच्या पिठाळ शर्टाला चिकटली आणि म्हणाली, "उद्या पण सांगूनच जा."

"उद्या येणार तू?"

"मासा अर्धा राहिलाय."

बाबाने बाईंना हात देऊन उठवलं. म्हणाला, "बाई, आत्याला आजच कळवतो, गोटी येत नाही म्हणून."

बाई कपडे झटकत राहिल्या. आता काकांनी थोडा चीक खरवडलाय, मी हलतो, पण करकरतो. बाई जरा पाण्याला निघाल्या की अख्खा वर्ग मान वर करतो, "बाई, कुठे? बाई, परत कधी?" आणि बाईंना प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. रोज. मी अजून त्यांना माफ केलेलं नाही, करेन की नाही, बघू.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरी जाऊन मोठ्यांना सांगा. शाळेत सोडताना निरोप घ्या, कधी येणार ते सांगा, आणि सांगितलेल्या वेळेला या. रडलो तर रडू द्या, रडण्याने कुणी झिजत नाही. आणि कुणी म्हणालं, की गुपचूप सटकलेलं बरं, तर त्याला एवढंच विचारा, तुमच्या घराला दरवाजा आहे ना? तोही आमच्यातलाच आहे.