थोरलीच्या पापणीचा केस

मी एक केस आहे. डोक्याचा नव्हे. डोक्यावरच्यांचा थाट निराळा, त्यांना तेल मिळतं, कंगवा मिळतो. मी पापणीचा केस. तोही कुणाच्या साध्यासुध्या पापणीचा नाही, थोरलीच्या.

थोरली आणि धाकटी या दोघी सख्ख्या बहिणी. थोरलीचं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर आहे. धाकटी एका संस्थेत पाण्यातल्या बारीक जिवांचा अभ्यास करते. लहानपणी घरी पाहुणे आले की थोरलीची हनुवटी वर उचलून म्हणायचे, "काय पापण्या आहेत पोरीच्या." मग शेजारी उभ्या असलेल्या धाकटीला काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणायचे, "आणि ही हुशार दिसते." हे मी ऐकलेलं. आमच्यात जुने केस गळण्याआधी नव्यांना सगळं सांगून जातात. पुढे धाकटीला चष्मा लागला आणि पाहुण्यांचा हा प्रश्न कायमचा सुटला.

मी उगवलो तेव्हा थोरलीची चाळिशी उलटली होती, पण आमचा तोरा कमी झाला नव्हता. खुर्चीत बसलेल्या बायका भुवया कोरून घेता घेता विचारायच्या, "ताई, पापण्यांना काय लावता हो?" थोरली म्हणायची, "काही नाही, आईकडून आल्यात." आम्ही सगळे केस एका रांगेत ताठ उभे राहायचो.

त्या उन्हाळ्यात नळाचं पाणी बंद झालं आणि थोरली मागच्या अंगणातल्या हापशाचं पाणी वापरू लागली. एका बाईचं डोकं धुताना काळ्या बेसिनमध्ये तिला काहीतरी पांढरं वळवळताना दिसलं. तिळाएवढं. दुसरी कुणी असती तर वरून तांब्याभर पाणी ओतून मोकळी झाली असती. थोरलीने ते कोल्ड क्रीमच्या रिकाम्या डबीत उचललं आणि धाकटीला फोन केला. "तुझ्यातलंच काहीतरी दिसतंय. येऊन घेऊन जा."

धाकटी आली, डबी उन्हात धरली, भिंग लावलं आणि चहा निवून गेला तरी मान वर केली नाही. शेवटी म्हणाली, "ताई, हा झिंग्यांच्या गोतातला आहे. जमिनीखालच्या पाण्यात राहणारा. याला डोळेच नाहीत बघ. असा मी आजवर पाहिलेला नाही."

"डोळे नाहीत?" थोरलीला वाईट वाटलं. "मग चालतो कसा बिचारा?"

"अंधारात डोळे हवेत कशाला? चाचपत जातो." मग धाकटीने थोरलीकडे नीट पाहिलं. "तुझ्या पापणीचा एक केस देतेस? सुईने याचे पाय तुटतात. हलवायला काहीतरी मऊ आणि थोडं वाकलेलं लागतं."

"माझी पापणी उपटून किड्याला गुदगुल्या करणार?" थोरली हसली, पण तिने चिमटा घेतला आणि नेमका मला उपटला. नेलपॉलिशच्या थेंबाने एका काडीच्या टोकाला चिकटवलं. असा मी माहेर सोडून निघालो.

संस्थेत माझी नेमणूक झाली ती त्या आंधळ्याच्या सेवेत. काचेच्या बशीत ग्लिसरिनच्या थेंबात तो पडलेला असायचा आणि मी त्याला कुशीवर वळवायचो. त्याचा एकेक पाय सरळ करायचो, मिशी बाजूला धरायचो. वर मायक्रोस्कोपमधून धाकटी बघायची. माझ्याकडे नव्हे, त्याच्याकडे. त्याच्या शेपटीजवळच्या काट्यांची तिने चित्रं काढली, पुसली, पुन्हा काढली. बोटाने मला अलगद ढकलताना ती पुटपुटायची, "हळू रे राजा, जरा वळ." राजा तो. मी आजन्म डोळ्याचं रक्षण केलेला, ज्याच्या घराण्याची तारीफ गावभर, तो मी हमाल. आणि ज्याला डोळाच नाही त्याच्याकडे दिवस दिवस टक लावून बघणं चाललेलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मिळालेला जीव नर होता. वर्णन पुरं करायला मादी हवी होती. म्हणून धाकटी दर रविवारी थोरलीकडे जाऊ लागली. मला खिशातल्या डबीत घालून न्यायची. एक बहीण हापसायची, दुसरी तोटीखाली बारीक जाळी धरायची. मग दमल्या की पायरीवर बसायच्या. इतक्या वर्षांत त्या दोघी अशा बसल्या नव्हत्या.

एका रविवारी जाळीत नुसती वाळू आली. धाकटी तरी त्यात भिंग फिरवत होती. थोरली तिच्याकडे बघत म्हणाली, "तू या किड्यांकडे बघतेस ना, तसं घरच्या माणसांकडे कधी बघितलं नाहीस."

धाकटी वाळू चाळत राहिली. "तुझ्याकडे सगळेच बघायचे, ताई. मला कुठे उभं राहायलाही जागा उरायची नाही. म्हणून मी दुसरीकडे बघायला शिकले."

"आणि मी तुझं पुस्तक उघडून बघायचे, तू शाळेत गेलीस की. एक अक्षर कळायचं नाही. रागाने बंद करायचे."

मी डबीत पडल्या पडल्या ऐकलं आणि जरा बरं वाटलं. म्हणजे जळणारा मी एकटाच नव्हतो.

पावसाळ्याच्या तोंडावर मादी सापडली, पोटाशी अंडी धरलेली. धाकटीने निबंध लिहून पाठवला. जात नवी आहे हे इतर तज्ज्ञांनी मान्य केलं, संस्थेच्या फळ्यावर बातमी लागली आणि तिथून ती वर्तमानपत्रात गेली. वर्तमानपत्राने मथळा दिला : ब्यूटी पार्लरच्या पाण्यात अज्ञात किडे.

थोरली भर दुपारी संस्थेत आली. मी टेबलावरच होतो. तिचे केस विस्कटलेले, डोळे लाल. माझे भाऊबंद ओले होऊन एकमेकांना चिकटले होते.

"चार दिवस एकही बाई फिरकली नाही," ती म्हणाली. "एका नवरीचं ठरलेलं काम गेलं. तुझा निबंध छापून यायचाय ना अजून? त्यातला माझा पत्ता खोड."

"ताई, तो खोडता येत नाही. जीव कुठे सापडला ते नेमकं लिहावंच लागतं. नाहीतर उद्या कुणाला तो पुन्हा शोधायचा झाला तर कुठे शोधणार? आणि ते पाणी खराब नाही गं. खराब पाण्यात हा जगलाच नसता."

"हे तू मला सांगतेस. बायकांना कोण सांगणार?" थोरली दाराशी थांबली. "फोन मी केला होता. तांब्याभर पाणी ओतलं असतं तर बरं झालं असतं."

ती गेल्यावर धाकटीने मला हातात घेतलं, थेंबात बुडवलं आणि तशीच बसून राहिली. थेंब सुकला. त्या दिवशी तिने त्या आंधळ्याकडे पाहिलं नाही. एरवी मला आनंद झाला असता.

रविवारी ती मायक्रोस्कोप खांद्याला अडकवून पार्लरमध्ये हजर झाली. समोरच्या दुकानाशी तीन-चार बायका बोलत उभ्या होत्या. धाकटीने दार सताड उघडलं, खिडकीपाशी मायक्रोस्कोप मांडला, बशीत जीव ठेवला आणि मला त्याच्या कुशीला लावून दिलं. मग चष्मा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, माझे केस धुऊन दे. हापशाच्या पाण्याने."

जन्मात तिने थोरलीला आपल्या केसांना हात लावू दिला नव्हता. थोरली मागच्या अंगणात गेली. बादली भरून आणली. धाकटीने काळ्या बेसिनवर मान टाकली, डोळे मिटले. समोरच्या बायका आधी रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्या, मग पायरीपर्यंत. एक जाडजूड शिक्षिका थेट आत आली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाली, "एवढंच होय? हे तर नखाएवढंही नाही." मग रांग लागली. सगळ्या त्यालाच बघत होत्या, अर्थातच. एकीने मात्र विचारलं, "हा काळा दोरा कसला?" आयुष्यात माझ्याविषयी विचारलेला तेवढा एक प्रश्न. उत्तर कुणी दिलं नाही, कारण दोघी बहिणींचं लक्ष नव्हतं.

थोरली धाकटीच्या कपाळावरचा फेस पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला. ती वाकली, अगदी जवळून बघू लागली.

"तुझ्याही पापण्या चांगल्या आहेत गं," ती हळूच म्हणाली. "माझ्याहून दाट. चष्म्याआड कुणाला दिसल्याच नाहीत."

धाकटीने डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं ते हापशाचं नव्हतं. आणि मी खिडकीत काडीच्या टोकावर जळून खाक झालो. किडा परवडला, पण पापण्यांची तारीफ दुसऱ्या घराण्यात गेलेली मला सोसवेना.

पार्लर हळूहळू सावरलं. काही बायका आल्याच नाहीत, काही नवीन आल्या. त्या जिवाला धाकटीने तिच्या म्हाताऱ्या सरांचं नाव दिलं. तुझं देऊ का, असं तिने थोरलीला आधी विचारलं होतं, पण थोरली तेव्हा म्हणाली होती, "नको बाई, गिऱ्हाइकं हसतील." छापील पान हातात आल्यावर मात्र बराच वेळ बघून म्हणाली, "सरांनी हापसलं होतं का कधी?"

आज तो आंधळा संग्रहालयात आहे. त्याला काचेची कुपी आहे, चिठ्ठी आहे, क्रमांक आहे, कुलूप आहे. मी टेबलाच्या खणात आहे. माझं टोक आता फाटलंय. धाकटीने नवी काडी केली आहे. त्या काडीवरचा केस धाकटीचा स्वतःचा. त्या रविवारनंतर तिने आरशात बघून उपटला. दाट आहे, काळाभोर आहे, वाकही छान आहे. काम मात्र अजून येत नाही, पाय सरळ करताना घसरतो. मी खणातून बघतो आणि मनातल्या मनात सांगतो, अरे, मिशीच्या बाजूने ये. त्याला ऐकू जात नाही, आणि एका अर्थी ते मला बरंच वाटतं.

माझं एवढंच मागणं आहे. कधी तो खण उघडलात आणि टोकाला केस चिकटलेली काडी दिसली, तर कचरा समजून फुंकू नका. आणि दात कोरायला तर मुळीच घेऊ नका. मी फार चांगल्या घरचा आहे.