नळी खाली, मी रिकामी

जरा थांबा, गरगरणं संपू दे. हं! मी वॉशिंग मशीन बोलतेय. वरून कपडे टाकायची, भोळ्या पोटाची.

नऊ वर्षं मी बाथरूमच्या कोपऱ्यात सुखाने नांदले. ताईंनी मला पसंत करून आणलं. त्यांच्या यजमानांचे, म्हणजे अण्णांचे, पायमोजे, पावत्या, एकदा तर चष्माही मी पोटात घातला. कधी चकार शब्द काढला नाही.

मग ताईंच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं, मांडीचं हाड मोडलं. घरी एकट्या, म्हणून ताईंनी त्यांना इकडे आणलं. पण त्यांची चाकाची खुर्ची बाथरूममध्ये वळेना. आडवी कोण? मीच!

"मी आपली माझ्या घरी जाते," अक्का म्हणाल्या.

"तू कुठेही जायचं नाहीस. मशीन जाईल," ताईंनी निकाल दिला.

अण्णांनी मला ढकलत, धापा टाकत बाल्कनीत नेलं. "त्यात काय एवढं? इथे नळ, तिथे जमिनीत पाणी जायची जाळी. नळी सोडली की झालं!" त्यांनी माझी सांडपाण्याची नळी जाळीपाशी जमिनीवर लोळत टाकली.

बटण दाबलं. मी पाणी पिऊ लागले. पिते, पिते, पिते... आणि पोट रिकामंच! वरून आलेलं पाणी खालून पसार. अर्धा तास झाला तरी कपड्यांचे घोटे जेमतेम भिजलेले. अण्णांच्या चपला मात्र तरंगत फिरायला निघाल्या.

अण्णांनी नळी उचलून जाळीत खोल खुपसली, भोवती चिंध्या कोंबल्या. तरी तेच.

"गेली मशीन! भंगारवाल्याला बोलावतो."

माझं तर पाणी पाणी झालं.

"नको," अक्का हळूच म्हणाल्या. "तिला होती तिथे ठेवा. मी उद्या निघते."

ताई फडकं पिळत राहिल्या. खुर्चीत बसलेल्या अक्कांची नजर जमिनीवर खिळली होती. एकाएकी त्या ताठ झाल्या.

"अण्णा, नळीचं तोंड कुठंय?"

"खाली, जाळीत."

"मग पाणी थांबेल कशाला? डोंबल! चौतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी नळीने पाणी खालच्या भांड्यात उतरवून दाखवलंय. नळी वर घ्या! मशीनच्या डोक्याइतकी!"

अण्णा धावले. भिंतीला एक जाड पाइप उभा केला, जाळीत सोडला. माझी नळी वर चढवून त्याच्या तोंडात वीतभर अडकवली. अक्का खुर्चीतून म्हणाल्या, "घट्ट कोंबू नका, हवा खेळू दे. आणि नळी धरायला पट्ट्या दोन ठोका!"

"एक पुरे, अक्का."

या खेपेला मी भरले! अगदी काठोकाठ! कपडे माझ्या पोटात फुगड्या घालू लागले. मग पाणी सोडायची वेळ आली. मी आनंदाच्या भरात असा काही जोर लावला, की पट्टी सुटली, नळी उसळली आणि अण्णांना साबणाचा अभिषेक!

"हसवू नका हो, मांडी दुखते!" अक्का डोळे पुसत ओरडल्या. अण्णांनी निमूटपणे दोन पट्ट्या ठोकल्या.

आता मी बाल्कनीतच असते. अक्का काठी टेकत येतात, माझ्या झाकणावर हात ठेवून दम खातात. घरी जायचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

तुम्हाला एकच विनवणी. जागा बदलल्यावर कुणाचं बिनसलं, तर लगेच मोडीत काढू नका. आधी खाली वाकून बघा. बरं, येते. अक्कांची चादर पिळायचीये!