वारा फिरवतो ते वेगळं

आईला इंग्रजीत पाच तऱ्हेने फिरता येत नव्हतं, म्हणून ती दोनदा नापास झाली होती.

खरंच सांगते. टर्न, रोटेट, स्पिन, ट्विस्ट, रोल. क्रेनच्या परीक्षेत हे पाच शब्द आणि खाली चित्रं. कुठल्या चित्राला कुठला शब्द ते लिहायचं. आईसाठी सगळ्याचं नाव एकच, 'फिरव'.

आई लोखंडाच्या यार्डात कामाला आहे. अकरा वर्षं खालीच. पाइपांना पट्टे बांधायचे, हूक अडकवायचा आणि वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हाताने खुणा करायच्या. उचल, थांब, डावीकडे घे. आता तिला स्वतःला वर बसायचं होतं. म्हणायची, "अकरा वर्षं वर बघून हात करतेय, मानेचा पार काटा ढिला झाला. आता कुणीतरी माझ्याकडे वर बघू दे की."

पण यार्डात माणसं दहा ठिकाणची, म्हणून वॉकीटॉकीवर फक्त इंग्रजी, असा नियम. आणि तिसऱ्यांदा नापास झालं की विषय संपला, कायमचं खाली. तिसरी परीक्षा शनिवारी होती.

शिकवायला कोण? मी. नववीतून काढून घरी पाठवलेली. इंग्रजीच्या बाईंनी माझी वही फेकली, मग मीही त्यांच्या टेबलावरचं उचलून फेकलं. ते हजेरीपत्रक निघालं, त्याला मी काय करू?

"हे बघ," मी चित्रावर पेन्सिल आपटली. "क्रेनचा लांब हात गेटकडून भिंतीकडे चाललाय. काय?"

"फिरतोय."

"इंग्रजीत, आई!"

"टर्न?"

बाबा ताटावरून म्हणाले, "बरोबर आहे. टर्न सगळ्याला चालतं. मी वीस वर्षं बस चालवतोय, टर्नच मारतोय."

"बाबा, तुम्ही जेवा. आई, हे रोटेट. आणि हे? हूकला लटकलेला पत्रा?"

"रोटेट."

"अगं स्पिन! तो गरगर फिरतोय, दिसत नाही का?"

"तुला गरगर दिसतंय. मला बाण दिसतोय," आई म्हणाली. "इथंही वाकडा बाण, तिथंही वाकडा बाण. ज्याने काढलाय त्याला जाऊन विचार."

"दगडाला शिकवलं असतं तर एव्हाना बोलला असता!" मी पेन्सिल भिरकावली. ती बाबांच्या वरणात पडली.

आईने दोन्ही हात पोटासमोर एकात एक गुंफले.

ही यार्डातली खूण आहे. सगळं आहे तिथंच धरून ठेव, काही हलवू नकोस. मी तीन वर्षांची असल्यापासून आई ती माझ्यावर वापरते. मला ती भिंगरी म्हणते. "पाय जमिनीवर नाही आणि राग नाकावरून खाली नाही." पण ही खूण केली की मी थांबते. का ते मला माहीत नाही. थांबते.

तर मी थांबले. आई कागद पुढे ओढून पुटपुटत बसली, "हे झालं की मी अशी करते... हे झालं की अशी..." आणि तेव्हा मला दिसलं. तोंडाने ती पाचही चित्रांना 'फिरव'च म्हणत होती, पण हात पाच वेगळे होते. क्रेनच्या हाताला तिने आपला हात लांब करून बोट दाखवलं. पट्टे एकमेकांत गुंतलेल्या चित्राला दोन्ही मुठी पिळल्या. घरंगळणाऱ्या पाइपाला तळवा पुढे करून जोरात अडवलं.

"आई, कागद ठेव. तोंडही बंद. नुसते हात कर."

"वेडी झालीस का?"

"कर ना!"

मग मी शब्द चित्राला लावलेच नाहीत, तिच्या हातांना लावले.

ते पाच दिवस घरात कुणी सरळ वागलं नाही. नळ सोडताना आई ओरडायची, "टर्न!" चादर धुतली की एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, आणि दोघी पिळत "ट्विस्ट, ट्विस्ट." बाटली टेबलावरून सुटली की "रोल, रोल, धर तिला!" बाबांच्या फिरत्या खुर्चीत मी त्यांनाच बसवलं. हळूच त्यांचं तोंड खिडकीकडे केलं, रोटेट. मग हिसका देऊन सोडून दिलं, स्पिन. बाबा उतरले ते भिंत धरून.

"आता कळलं?"

"दोन्हीत माणूस गोलच गेला की," आई म्हणाली.

हे दोन काही सुटेनात. बाकीचे तीन झोपेतही यायचे. रोटेट आणि स्पिन मात्र ती नाणं उडवल्यासारखी सांगायची. शुक्रवारी मी ओरडलेसुद्धा नाही. तेव्हा आई घाबरली.

शनिवारी मी डबा द्यायच्या निमित्ताने यार्डाच्या जाळीपाशी जाऊन उभी राहिले. लेखी झाली. वीसपैकी बारा लागतात, आईला तेरा. त्या दोन शब्दांची उत्तरं अर्थातच उलटी. आता फक्त वर चढून दाखवायचं राहिलं होतं.

परीक्षक साहेब खाली वॉकीटॉकी घेऊन उभे होते. उंच माणूस, डोक्यावरचं हेल्मेट एक नंबर लहान. ते बोलतील ते आणि आई वरून बोलेल ते, सगळं जाळीपर्यंत ऐकू येत होतं. हूकला रुंद पत्रा. त्याला बांधलेली दोरी एका माणसाच्या हातात, पत्रा भलतीकडे जाऊ नये म्हणून.

"लिफ्ट."

पत्रा वर गेला.

"रोटेट लेफ्ट."

नेमका त्या दोघांतलाच एक. क्रेनचा हात डावीकडे सरकला, लोण्यात सुरी जावी तसा. वा गं माझी आई!

"स्टॉप."

थांबला. आणि तेवढ्यात वारा आला. पत्र्याने शिडासारखा वारा धरला, दोरी माणसाच्या हातातून सुटली आणि पत्रा हूकखाली गरगरायला लागला. साहेब घाबरले. वॉकीटॉकीत ओरडले, "रोटेट! रोटेट!"

त्यांना पत्रा फिरतोय असं म्हणायचं होतं बहुतेक. पण ऑर्डर ती ऑर्डर. क्रेनचा हात आणखी फिरला असता तर गरगरता पत्रा थेट दोरीवाल्याच्या डोक्यावर.

हात हलला नाही. मग आईचा आवाज आला, अगदी घरातला.

"नो सर. स्पिन. पीपल बॅक."

"व्हॉट?"

"क्रेन नो रोटेट. लोड स्पिन. पीपल बॅक, सर, प्लीज."

माणसं मागे झाली. आईने पत्रा कमरेच्या उंचीपर्यंत हळूहळू खाली आणला आणि तसाच धरला. वारा पडला, गरगर मंदावली, दोरीवाल्याने दोरी पकडली. पत्रा जमिनीवर बसला तेव्हा आवाजही झाला नाही.

आई शिडी उतरायला लागली आणि साहेब खालूनच सुरू झाले. "बाई, ऑर्डर मोडलीत तुम्ही! परीक्षेत ऑर्डर मोडायची?"

माझं डोकंच सटकलं. कसा एक पाय जाळीवरून पलीकडे गेला, मलाही कळलं नाही. "ओ साहेब!" एवढं तोंडातून गेलं. आई शेवटच्या पायरीवरून खाली आली, साहेबांकडे बघायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पोटासमोर गुंफले.

मी तिथंच थांबले. एक पाय आत, एक बाहेर, डबा बगलेत.

मग ती साहेबांकडे वळली. एक हात लांब करून बोट दाखवलं. "रोटेट, आय डू." तेच बोट वर करून हवेत गरगरवलं. "स्पिन, विंड डू." आणि मग आपल्या भाषेत म्हणाली, "मी फिरवते ते वेगळं, साहेब, आणि वारा फिरवतो ते वेगळं. वाऱ्याने फिरवलं की मी हात लावत नाही. शांत होऊ देते."

साहेबांनी हेल्मेट काढलं. कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता. पत्र्याकडे बघितलं, मग दोरीवाल्याकडे.

"लेखीत तर उलटं लिहिलंत."

"तेव्हा कागदावर वारा नव्हता," आई म्हणाली.

साहेब हसले नाहीत. पण खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिले, आणि कागद आईच्या हातात देताना म्हणाले, "ती जाळीवरची तुमची का?"

"माझीच. तिलाही शांत होऊ देते मी."

सोमवारपासून आई वर बसते. मी दुपारी डबा घेऊन जाते, जाळीपाशी उभी राहून हात करते, आणि ती काचेतून बघेपर्यंत मान वर करून थांबते. दोन मिनिटांत मान दुखायला लागते.

अकरा वर्षं कशी काढली बाईने.