चिकटपट्टीखालचं बटण

मी हीटर बोलतोय. अंघोळीचं पाणी उकळणारा तो भिंतीवरचा धिप्पाड नव्हे हं, माशाच्या टाकीत बुडून राहणारा, वीतभर लांबीचा, काचेच्या नळीतला. तापट म्हणाल तर आहे, पण माझा ताप सव्वीस अंशांवर थांबतो. पाणी तेवढं कोमट झालं की मी आपणहून गप्प बसतो आणि गार व्हायला लागलं की पुन्हा कामाला लागतो. एवढं शहाणपण माणसांतही फारसं पाहिलं नाही मी.

कारखान्यात माझ्या नळीवर एक आडवी रेघ ओढली होती. पाणी निदान इथपर्यंत हवंच, असा तिचा अर्थ. मला विकत घ्यायला आलेल्या मुलीला दुकानदाराने ती रेघ बोटाने दाखवली. वायरला प्लगच्या खाली थोडा झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगात शिरणार नाही, असं बजावलं. थर्मामीटर वेगळा लावायला सांगितलं. आणि पाणी बदलायच्या आधी बटण बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, हे तर दोनदा सांगितलं. मुलीने सगळं कान देऊन ऐकलं. मला हायसं वाटलं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत भक्कम टेबलावर टाकी आणि टाकीत एकच मासा, निळ्या झुपकेदार शेपटीचा. जरा मनाविरुद्ध झालं की कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवायचा, म्हणून मुलीने नाव ठेवलं रुसूबाई. तो नर आहे, असं दुकानदार सांगून दमला, पण नाव एकदा पडलं ते पडलं.

वर्षभर सुखाचं गेलं. मग मुलीला लांबच्या गावी नोकरी लागली. निघताना ती म्हणाली, "बाबा, मी सुट्टीत येईपर्यंत सांभाळाल ना हिला?"

बाबा म्हणाले, "बघू."

त्यांच्या तोंडून 'बघू' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण बोलायचं म्हटलं की बाबांना कोण संकट! लेकीचा फोन आला की "बरं आहे ना? आईला देतो," एवढं म्हणून मोकळे व्हायचे. मग आईच्या मागे उभे राहून सगळं ऐकायचे. मी पाण्यातून रोज बघत होतो. मला त्यांची कीव यायची आणि थोडा रागही यायचा.

बाबांनी तीस वर्षं एका छापखान्यात काढली. सगळ्यांत शेवटी निघायचं आणि निघताना एकेक बटण बंद करायचं, हे काम त्यांचं. नोकरी सुटली, पण खोड जाईना. खोलीतून बाहेर पडताना त्यांचा हात आपसूक भिंतीकडे जायचा. दिवा बंद, पंखा बंद आणि जाता जाता मीही बंद. सकाळी पाणी गारठलेलं आणि रुसूबाई तळाशी अंग चोरून बसलेली. आठवड्याभरात तिच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले.

बाबांनी जेवण टाकलं. लेकीला काय तोंड दाखवू, म्हणून तासन् तास टाकीपुढे बसून राहायचे. आईने दुकानदाराला विचारून औषध आणलं आणि चोरही तिनेच पकडला. माझ्या बटणावर रुंद चिकटपट्टी लावली आणि वर ठळक लिहिलं, 'हात लावू नये'.

मात्रा लागू पडली. पाटीवर लिहिलेलं मोडणं बाबांच्या रक्तातच नाही. रुसूबाई सुधारली, ठिपके गेले, पुन्हा पूर्वीसारखी रुसायला लागली. पाणी बदलायचं काम आई करायची. ती पट्टी उचलायची, मला बंद करायची, इतर कामं उरकून यायची आणि मग टाकीला हात लावायची. पण हे ती कधी कुणाला बोलून दाखवत नव्हती, आणि तिथेच घोटाळा झाला.

लेक सुट्टीवर यायला चार दिवस होते. आई आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. आपणच टाकी लख्ख करावी, असं बाबांच्या मनात आलं. त्यांनी पाटी वाचली, मान डोलावली आणि बटणाला बोटही लावलं नाही. रबरी नळीने टाकीतलं अर्धं पाणी काढलं. माझी रेघ उघडी पडली, मग निम्मा मीच उघडा पडलो. पाण्याबाहेर माझी गरमी जाणार कुठे? काच भाजून निघाली. तेवढ्यात त्यांनी गार पाण्याची बादली ओतली.

टच्चकन तडकलो. आता फुटक्या नळीतून पाण्यात वीज उतरण्याची भीती होती. बाबांना मात्र काचा तेवढ्या दिसल्या आणि काचांजवळ रुसूबाई. तिला ओंजळीत उचलायला त्यांनी बाही वर सारली. त्यांचं बोट पाण्यापासून दोन इंचांवर आलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, देवा, मला तोंड का नाही दिलंस?

"अहो, हात मागे घ्या."

आवाज ऐकून आई दारात आली होती. तिने पट्टी ओरबाडली, बटण बंद केलं, प्लग उपटला. त्यानंतरच मगाने मासा अलगद काढून कोमट पाण्यात सोडला. बाबा खुर्चीत बसले.

"तूच लिहिलंस ना, हात लावू नये म्हणून," ते पुटपुटले.

"अर्धंच लिहिलं," आई म्हणाली. "चुकलं माझं."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. या खेपेला बाबांनी तो आईला दिला नाही. झालं ते सगळं सांगितलं, आपल्या मूर्खपणासकट. शेवटी म्हणाले, "रुसूबाई ठीक आहे गं, काळजी करू नकोस." ती म्हणाली, "बाबा, तिचं राहू द्या. तुमचा हात कसा आहे?"

बाबांनी तो हात उलटासुलटा करून पाहिला.

आता टाकीत माझा धाकटा भाऊबंद आहे. मला फेकलं नाही. आईने तडकलेल्या काचेवर पट्टी गुंडाळून मला बटणाशेजारच्या खिळ्याला टांगलंय. नवी पाटी पूर्ण आहे : 'एरवी हात लावू नये. पाणी बदलताना आधी बंद करावे, पंधरा मिनिटे थांबावे.' तुमच्या घरी माझं कुणी नात्यातलं असेल, तर तेवढी पंधरा मिनिटं त्याला द्या. मी फार काही मागत नाही.

दर रविवारी बाबा माझ्याकडे बघून बटण बंद करतात, खुर्ची ओढतात आणि स्वतः लेकीला फोन लावतात.

"कामात आहेस का गं? काही नाही, हीटर गार होतोय. म्हटलं, तोवर बोलावं तुझ्याशी."