पंचेचाळीस मिनिटांचे ऊन

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे आणि चार गुलाबांचा जीव माझ्या हातून गेला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची तारीफ करू लागले तर तुम्ही मला आवरू शकाल.

पत्र्याची भांडी बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. त्याने पत्रा कापला, वाकवला, वितळलेल्या कथलाचा डाक देऊन सांधे जोडले आणि लांब नळीच्या तोंडाशी बारीक भोकांची चकती बसवली. "हिच्यासारखी झारी दाखवा म्हणावं," असे तो शेजाऱ्याला म्हणाला. तेव्हापासून माझी मान जरा ताठच आहे.

मला विकत घेतले एका घड्याळजीने. तो दुकान बंद करून नुकताच घरी बसला होता. त्याची बायको घसरून पडली होती, मांडीचे हाड मोडले होते. हाड जुळले, डॉक्टरांनी रोज थोडे चालायला सांगितले, पण एकदा मनात बसलेली भीती काही उठेना. मागच्या खोलीतला पलंग ती सोडत नव्हती. खिडकीबाहेर परस होते, परसात एक डेरेदार झाड आणि त्याखाली नुसती काळी माती.

"एखादा गुलाब तरी दिसला असता, तर उठावंसं वाटलं असतं," ती एकदा म्हणाली. बोलून ती विसरली. घड्याळजीने मात्र खूणगाठ बांधली.

त्याने चार गुलाब आणून झाडाखाली लावले. सकाळी सातला दोन झाऱ्या, संध्याकाळी पाचला दोन झाऱ्या. जन्मभर त्याने एकच पाहिले होते, की वेळच्या वेळी चावी दिली की सगळे नीट चालते. पाने पिवळी पडली तेव्हा त्याने चावी वाढवली आणि दोनाच्या तीन झाऱ्या केल्या. मला आनंदच झाला. मी किती कामाची! कळ्या गळाल्या, मुळे कुजली, आणि मी आपली ऐटीत पाणी ओततच राहिले. आज आठवले की शरम वाटते.

"अहो, गुलाब लावलेत की मासे पाळलेत?" बायको खिडकीतून म्हणाली.

घड्याळजीला हसू आले नाही. "या झाडामुळे होतंय सगळं. ऊनच येऊ देत नाही. सोमवारी माणूस बोलावतो आणि तोडूनच टाकतो."

बायकोने तोंड भिंतीकडे फिरवले. त्याला वाटले, गुलाब गेले म्हणून रुसली. मी मात्र रोज पाहत होते. दिवसभर तिचे डोळे त्या झाडावर असत. खार कुठल्या फांदीवरून कुठे उडी मारणार, हेही तिला पाठ होते. पण झारीला कोण विचारतो?

शनिवारी तो नवे गुलाब आणायला रोपवाटिकेत गेला. पाणी कमी पडत नाही हे दाखवायला मलाही सोबत नेले.

रोपवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, पाण्याचं राहू द्या. तिथे ऊन किती वेळ असतं?"

"असतं थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

घड्याळजी ओशाळला. मिनिटांवर जगलेल्या माणसाला 'थोडं' म्हणणे शोभणारे नव्हते.

रविवारी तो हातात घड्याळ घेऊन परसात स्टुलावर बसला. दहा वीसला ऊन आले, अकरा पाचला गेले.

"काय चाललंय?" खिडकीतून आवाज आला.

"ऊन मोजतोय. पंचेचाळीस मिनिटं."

"मोजा. पण झाड तोडू नका हो. तुम्ही घरकामात असता तेव्हा मला सोबत कोण करतं? तेच."

"मग आधी का नाही बोललीस?"

"माझ्यासाठीच धडपडत होतात. कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

घड्याळजीने घड्याळ खिशात टाकले. मग उठला आणि झाड तोडणाऱ्याला येऊ नको म्हणून कळवून आला.

सोमवारी रोपवालीच हातगाडी घेऊन आली. "एवढ्या उन्हात गुलाबाचं पोट भरत नाही," ती म्हणाली. "नेच्याचं भरतं." तिने नेचे आणले होते, रंगीत पानांचे शोभेचे अळू आणले होते, पांढऱ्या फुलांची पीस लिली आणली होती. झाडाची मुळे न दुखवता तिने ती लावून दिली. "आता घड्याळ बघायचं नाही, काका. मातीत बोट घालायचं. कोरडं लागलं तरच पाणी."

बाग भरली आणि माझे काम सरले. आठवड्यातून एक-दोनदा बोलावणे, एरवी खिळ्याला टांगलेली. गरज सरो वैद्य मरो, असे म्हणून मी महिनाभर कुढले. बुडाला गंज धरला. मग हळूहळू उमगले, की मी रिकामी आहे म्हणूनच झाडे सुखात आहेत.

एका सकाळी मागच्या दारात काठी वाजली. दारात बायको उभी होती. घड्याळजी धावला, तिने त्याला हातानेच थांबवले. "लिलीला फूल आलंय. खिडकीतून अर्धंच दिसतं." एकेक पाऊल टाकत ती झाडाखाली आली, खोडाला टेकली, खाली वाकून मातीत बोट घातले.

"कोरडी आहे. द्या ती झारी."

घड्याळजीने मला भरून तिच्या हाती दिले. अर्धे पाणी तिच्याच पायांवर सांडले. घड्याळजी डोळे पुसत होता.

मित्रांनो, कुणावर माया ओतण्याआधी त्याला काय हवे ते विचारा. आणि तुमच्याही घरी एखादी झारी खिळ्याला टांगलेली असेल, तर तिच्यातले पाणी काढून तिला कोरडी पुसून ठेवा. कोण कधी उठून तिला मागेल, सांगता येत नाही.