मी, खुनाच्या सिनेमातली विजेची पेटी

मी विजेवर गाणारी पेटी. लोणावळ्यात रेल्वे लाइनीपल्याड दोन खोल्यांचं एक घर आहे, तिथं खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम. दिसायला मी हार्मोनियमच्या चुलतबहिणीसारखी, पण मला भाता नाही. पोटात काचेच्या नळ्या आहेत. त्या तापल्या की शेजारच्या खोक्यातून माझा आवाज निघतो. तोही एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी मी एकीचंच ऐकते.

जन्म माझा परदेशातला. बोटीतून मुंबईला उतरले ते साल बावन्न-त्रेपन्न असेल. आधी नाचाच्या बँडमध्ये वाजले, मग लोणावळ्याच्या एका हॉटेलात आले. तिथला प्रत्येक पाहुणा एकच फर्माईश करायचा, नागाच्या पुंगीची. ती वाजली की मंडळी पाय वर घेऊन हसायची. माणसांच्या हाती नवा आवाज लागला, की आधी ती त्याच्याकडून जुन्याची नक्कल करून घेतात, हे मला तिथं कळलं.

पुढं इथल्या दमट हवेनं माझा घसा बसला आणि मी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत गेले. पाच वर्षं तिथंच. उंदरांनी वायरी कुरतडल्या. अडुसष्ट साली हॉटेलचे दिवे दुरुस्त करायला केरबा आला. तो रेल्वेत वायरमन. त्यानं मॅनेजरला विचारून मला सायकलवर बांधलं, घरी नेलं आणि तीन महिने खपून बोलती केली.

माझा पहिला सूर ऐकून त्याची बायको सरूबाई चुलीपुढून उठून आली. "ह्ये कंचं जनावर घरात आनलं?" तिनं विचारलं. त्यांची मुलगी रतन मात्र माझ्यापुढून हलेना. ती बुद्धविहारातल्या गायन पार्टीत हार्मोनियम वाजवायची, दिवसा चिक्कीच्या कारखान्यात वड्या कापायची. सुट्टी झाली की हात धुऊन माझ्यापाशी. आवाज लहानमोठा करायची माझी दांडी गुडघ्यानं सरकवावी लागते. ते तिला आठवड्यात जमलं. तिनं पुंगी कधीच वाजवली नाही. एकच सूर धरून तो कुठवर जातो, हे ती ऐकत बसायची.

चौऱ्याहत्तर साली एक सिनेमावाली कंपनी लोणावळ्यात आली. मराठी चित्रपट, खुनाची गोष्ट. दिग्दर्शक बजरंग शिळीमकर तरुण आणि भारी उतावळा. एकदा रस्त्यानं जाताना त्यानं माझा आवाज ऐकला आणि तो थेट आमच्या दारात उभा राहिला. "हा आवाज मला माझ्या सिनेमात हवा आहे," असं म्हणाला, मगच नाव सांगितलं.

पण त्याचे संगीतकार विठ्ठलराव ऐकेनात. साठीतले, नावाजलेले व्हायोलिनवादक. खून झाला तरी तो माणसानं माणसाचा केलेला असतो, तिथं यंत्राचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. दोघांचं इतकं जुंपलं की शेवटी बजरंगनं तोडगा काढला. गावातल्या थेटरात सकाळी रिकाम्या वेळी एक रीळ दोनदा चालवायचं, एकदा व्हायोलिनवर आणि एकदा माझ्यावर. बघायला शूटिंगमध्ये गर्दी म्हणून उभे राहिलेले गावकरीच. विठ्ठलराव एका अटीवर कबूल झाले. लोकांनी ही पेटी नाकारली, तर पुन्हा तिचं नाव काढायचं नाही.

त्या सकाळी केरबानं माझी एकेक नळी पुसली. रतननं कारखान्यातून खाडा घेतला होता. दोघांनी मिळून मला थेटरात नेऊन पडद्याजवळ मांडलं.

रीळ सुरू झालं. खून केलेला, दिसायला सभ्य असा माणूस एका बाईच्या घरी येतो आणि चहा मागतो. त्या बाईनं त्याला खून करताना पाहिलेलं असतं. तिनं पाहिलंय हे त्याला ठाऊक आहे की नाही, हे तिला ठाऊक नाही. बस, एवढंच.

विठ्ठलराव वाजवायला लागले आणि मी मनातून हरले. काय तो हात! कमान थरथरायची तसा पडद्यावरचा पदर थरथरल्यासारखा वाटायचा. लोकांनी माना डोलावल्या, टाळ्या दिल्या. भजीचं दुकान चालवणाऱ्या भामाबाईनं तर डोळेही पुसले.

मग आमची पाळी. रतननं अगदी खालची पट्टी दाबली. आवाज इतका बारीक की पंखाच घरघरतोय असं कुणालाही वाटावं. बोट तिथंच. बाई चहा टाकते, साखर घालते, रतनचा गुडघा हळूहळू सरकतोय आणि तोच सूर भिंतीतून निघाल्यासारखा वाढत चाललाय. माझ्या नळ्या तापून लाल झाल्या. कुणी खोकेना. पडद्यावरच्या माणसानं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि हसला. नेमकं तेव्हाच रतननं बोट उचललं.

नुसती सिनेमाच्या मशीनची टरटर राहिली. अंधारातून भामाबाईचा आवाज आला, "अगं बाय, त्याला समदं ठावं हाय. पळ की."

दिवे लागले तरी कुणाला टाळ्या सुचल्या नाहीत. विठ्ठलराव उठून रतनपाशी आले. त्यांनी विचारलं, "एवढा वेळ एकच सूर धरायचं तुला कुणी शिकवलं?"

रतन उभी राहिली. "कुनी न्हाई, आबा. तुमची कमान माघारी फिरती, हार्मोनियमचा भाता फिरतो, मानूस कुटंतरी दम घेतोच. ही घेत न्हाई. म्हनून भ्या वाटतं."

मग त्यांनी शेवटच्या रिळाची गोष्ट काढली. त्यात मेलेल्या माणसाच्या आईला खुनाची बातमी कळते. तिथंही हीच वाजवशील का, असं त्यांनी विचारलं.

"न्हाई," रतन म्हणाली. "तितं तुमीच पायजे. रडताना मानसाला दम लागतो."

विठ्ठलरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बजरंगला सांगितलं, की मुंबईच्या रेकॉर्डिंगला ही मुलगी येणार.

मुंबईच्या स्टुडिओत मी केरबाच्या मांडीवर बसून गेले म्हणा ना! सिनेमा लोणावळ्यात लागला तेव्हा पडद्यावरच्या नावांच्या पाट्यांमध्ये रतनचं नाव आलं आणि सरूबाईनं तीनदा सिनेमाला जाऊन ते शेजारणीकडून वाचून घेतलं. एका वर्तमानपत्रानं मला कारखान्याचा भोंगा म्हटलं, दुसऱ्यानं डोक्यावर घेतलं. बाजारात तर महिनाभर तोच वाद. खुनाच्या सिनेमाला विजेचा आवाज शोभतो का?

आता एकोणऐंशी चालू आहे. रतन मुंबईत नव्या यंत्रांवर वाजवते, एका दमात दहा सूर काढणाऱ्या. माझ्या चार पट्ट्या मुक्या झाल्यात, नळ्या बाजारात मिळत नाहीत. गेल्या महिन्यात विठ्ठलराव घरी आले. त्यांचा हात आता कापतो, कमान टिकत नाही. रतनही आली होती. त्यांनी तिला माझा तो खालचा सूर धरायला सांगितला आणि त्यावर व्हायोलिन वाजवलं. कमान अडखळायची, थांबायची, पुन्हा उठायची. ती थांबायची तेव्हा खाली मी असायचे, म्हणून गाणं कुठं तुटलं नाही.

वाजवून झाल्यावर म्हातारबाबांनी माझ्यावर आपल्या हातानं कापड घातलं. माझं एवढंच मागणं आहे, मंडळी, की ते कापड अधूनमधून कुणीतरी काढावं. माझी खालची पट्टी अजून शाबूत आहे.