मोटारीचं साल

इतिहास कधीच खोटं बोलत नाही, असं प्राध्यापक गुरुप्रसाद दरवर्षी पहिल्या तासाला गंभीरपणे सांगत असे. या आठवड्यात मात्र इतिहासाने निदान रविवारपर्यंत तरी खोटं बोलावं म्हणून त्याने देवीला नवस केला होता.

कारण अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

गावच्या जत्रेत पहिल्या नारळाचा मान कोणाचा, तर पूर्वी ज्या घराची मोटार देवळापुढे सर्वांत आधी आली त्या घराचा. हा मान अप्पांकडे होता. गेल्या जत्रेला अप्पा इस्पितळात होते तेव्हा भावकीतल्या लवूने नारळ उचलला, तो उचललाच. आता म्हणत होता, आमची मोटार अडतीस सालची, फोटो आसा. फोटो अप्पांकडेही होता. त्यात त्यांचे वडील कोट-टोपी घालून मोटारीत बसले होते. साल तेवढं नव्हतं. गावकीने फर्मावलं, रविवारी दोघांनीही फोटो आणा, ज्याची मोटार जुनी त्याचा मान.

"मान घराक येवंदे, मगे गोळी," म्हणून अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या पायांना सूज चढत होती. डॉक्टरांनी गुरुप्रसादला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं, हे असं फार दिवस चालायचं नाही.

गुरुप्रसाद भिंग घेऊन फोटोवर ओणवा झाला.

"गो, दिवे बघ! मडगार्डापासून सुटे, दांड्यार उभे. म्हणजे अडतीसच्या आधीची!"

अस्मिता, त्याची बायको, अप्पांनी परतवलेली पेज घेऊन चालली होती. तिने वाकून बघितलं. "आणि पाय ठेवची फळी खंय गेली?"

गुरुप्रसादने भिंग दाराखाली सरकवलं. दाराखालची फळी नसणं म्हणजे सरळ पन्नासच्या पुढची गाडी. "मोडली असतली."

"पुढची काच एकसंध, वाकडी. ही तर त्याच्यावयली नवीन. दिवे आज्याचे नि काच नातवाची! आणि रे, दाराक मूठच नाय. तुझो आजो आत शिरलो कसो?"

त्याने जुन्या मोटारींच्या शौकिनांच्या ग्रुपवर फोटो टाकला. एकाने चौतीस सांगितलं, एकाने बावन्न. तिसऱ्याने गाडी विकायची आहे का, असं विचारलं. शेवटी गुरुप्रसादने सिद्धांत मांडला: गाडी चौतीसचीच, बाकी सगळं पुढे गोव्यात दुरुस्तीला गेलं तेव्हा बदललं. सिद्धांत त्याला स्वतःलाही पटला नाही. पण आत अप्पांना धाप लागली होती, आणि चौतीसला धरण्यावाचून इलाज नव्हता.

दिवे सगळ्यांना दिसावेत म्हणून त्याने कसालला जाऊन फोटोचा भलामोठा फ्लेक्स छापून घेतला.

रविवारी देवळात फ्लेक्स उलगडला. दिवे खरोखरच सुंदर दिसत होते. त्यांच्याबरोबर दाराखालून आजोबांचे दोन अनवाणी पाय दिसत होते, जमिनीवर टेकलेले. बाजूला स्टुलाचा पाय.

गुरुप्रसाद घाईघाईने पुढे होऊन फ्लेक्सच्या खालच्या कडेपाशी उभा राहिला. तेवढ्यात लवूने आपला उलगडला. तोही कसालचाच, त्याच मापाचा. तीच मोटार, तोच नंबर, तसेच पाय. फक्त आजोबा वेगळे.

"गे बाय माझे!" म्हाताऱ्या आनंदीबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "ही तर जत्रेतल्या फोटोवाल्याची मोटार रंगवलेली फळी! मीय बसललंय हेच्या मागे, घोवाक घेवन!"

गुरुप्रसाद घरी आला तेव्हा अप्पा उशीला टेकून वाट बघत होते.

"खयचा साल?"

चौतीस म्हणायला तोंड उघडलं, पण ते जमलं नाही. त्याने सगळं सांगितलं, पायांसकट.

अप्पा उशीवरून सरळ उठून बसले. अस्मिता दारातच थांबली.

"लवूच्या आज्याचेय पाय दिसले?"

"दिसले."

"सगळ्यांका?"

"सगळ्यांका. लोक हसान हसान लोळले."

"मगे बरा झाला," अप्पा म्हणाले. "हाड ती गोळी हयसर." आणि त्यांनी हात पुढे केला.

त्या वर्षी पहिला नारळ पुजाऱ्याने फोडला. तसा तो दरवर्षी तोच फोडतो; मानकऱ्याने नुसता हात लावायचा असतो.